डल्सीचा मोर एप्रिलमध्ये ओरडला

मोर पाळावा की नाही, हे विचारायला लोक मोर पाळणाऱ्याकडे जातात. तिथंच चुकतं. पाळणाऱ्याला काय कळतंय डोंबल! शेजारणीला विचारावं. म्हणजे मला. डल्सी पेंगेलीच्या कुंपणाला माझं कुंपण लागून आहे, आणि तिच्या मोराचं अर्धं आयुष्य माझ्या छपरावर गेलंय.

ॲडलेडपासून लांब असलेल्या आमच्या कुराबी गावात सगळी छपरं पत्र्याची. पहाटे तो महाराज पत्र्यावरून फेऱ्या मारायला लागला की वाटतं, कुणीतरी बूट घालून आपल्या डोक्यावर नाचतंय. मग तो ओरडतो. पुस्तकात त्याला केकारव म्हणतात म्हणे. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या शेजारी मोर राहत नसणार. एखाद्या बाईचा कुणी गळा दाबतंय आणि ती मदतीला हाका मारतेय, असा तो आवाज. गावात बदली होऊन नवा पोलीस आला की पहिल्या वसंतात तो एकदा तरी धावत डल्सीच्या अंगणात शिरायचा आणि चहा पिऊन, ओशाळून परत जायचा.

खाण्याचं तर विचारूच नका. कोबी, टोमॅटोची रोपं, मांजराच्या ताटलीतलं, आणि माझे गुलाब. गुलाब तो पिकल्या फळासारखे चवीनं खायचा, आधी कळ्या, मग फुलं. वर माझ्याच ओसरीवर घाण करून जायचा. ती धुवायला झाडू पुरत नाही, खरवडावी लागते. लिहून ठेवा.

आणि गाड्या! ऑगस्ट लागला, म्हणजे आमच्याकडचा वसंत, की मोराच्या अंगात येतं. गाडीच्या चकचकीत दारात त्याला दुसरा मोर दिसतो आणि तो त्याच्यावर तुटून पडतो. रंगाची सालपटं निघतात. म्हणून आमच्या गल्लीत ऑगस्टपासून नाताळापर्यंत कुणी गाडी धुवत नाही. धूळ बसू द्यायची, आणि बसली नाही तर ओली माती फासायची. शेजारच्या गावचे लोक आम्हाला गबाळे म्हणतात. म्हणोत. माझ्या नवऱ्यानं, रेक्सनं, एकदा पुतणीच्या लग्नाला जायचं म्हणून ऐन ऑक्टोबरात गाडी घासून-पुसून लख्ख केली आणि टाय बांधायला आत गेला. टाय बांधून बाहेर येईपर्यंत दोन्ही दारं गेली. त्या लग्नात आम्ही गाडी चर्चच्या मागे लावली होती.

हे सगळं मी डल्सीला कुंपणावरून किती वेळा ऐकवलं असेल! तिनं प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पण दिसायला किती सुंदर आहे!"

आता डल्सीबद्दल सांगते. आमच्या गावातली निम्मी माणसं तिच्या बसमधून शाळेत गेलेली. बारकी बाई, सुकाणूच्या वर जेमतेम डोळे यायचे, पण कच्च्या रस्त्यावरून पावसाळ्यातही ती बस अशी न्यायची की मागच्या पोरांची झोपमोड व्हायची नाही. मारामारी करणाऱ्याला खाली उतरवून बसच्या पुढे चालायला लावायची, आणि स्वतः मागून हळूहळू बस चालवत यायची. घराच्या फाटकापर्यंत पोचता पोचता त्या पोराचा राग पार विरघळलेला असायचा. आमचा थोरला असाच दोनदा चालत आलाय.

तिचा नवरा क्लॅरी एका शेताच्या लिलावात पाण्याचा पंप घ्यायला गेला आणि पोत्यात मोर घालून घेऊन आला. पोत्याच्या तोंडातून निळी मान बाहेर, आणि क्लॅरी असा खूश, की डल्सीला रागावताच येईना. मोर अंगणात सोडल्यावर तो पिसारा ओढत, कुणाकडे न बघता, थेट ओसरीच्या पायऱ्या चढला. क्लॅरी म्हणाला, "चाल बघ. बिशप चर्चमध्ये शिरतोय, आणि आपण सगळे पापी." तेव्हापासून त्याचं नाव बिशप. एक लांडोरही आणली होती नंतर. ती अंगणातल्या झाडाखाली अंड्यांवर बसली, आणि लांडोर एकदा बसली की उठत नाही. कोल्हा आला तरी उठली नाही. त्या वसंतात बिशप इतका ओरडला, की मीसुद्धा गप्प राहिले.

पुढच्याच वर्षी क्लॅरी गेला. घरात डल्सी आणि छपरावर बिशप, एवढेच उरले.

त्यानंतर काही वर्षांनी डल्सीनं एकाएकी गाडी विकून टाकली. जन्मभर सुकाणू धरलेली बाई! कारण विचारलं तर म्हणाली, "पेट्रोल काय महाग झालंय!" मला वाटलं, म्हातारपणी चिक्कू झाली. चर्चमध्ये भजनाचं पुस्तक उघडेनाशी झाली. म्हणाली, सगळी पाठ आहेत. ती होतीच पाठ. मग पत्ते खेळायला येणं बंद. माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. मी मुळात बोलणारी बाई, बघण्याचं काम कमीच करते.

मग ती गुलाबांची गोष्ट झाली. त्या दिवशी बिशपनं माझ्या गुलाबांचा फडशा पाडला होता. एक कळी ठेवली नव्हती मेल्यानं. मी हातात कात्री घेऊन उरलेल्या काड्यांकडे बघत उभी, डोकं नुसतं तापलेलं. तेवढ्यात डल्सी कुंपणाशी आली, माझ्याकडे तोंड करून गोड हसली आणि म्हणाली, "नोला, यंदा गुलाब काय बहरलेत गं तुझे!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज वाटते का जरा? त्या तुझ्या बोडक्याच्या बिशपनं सगळं खाऊन टाकलं, आणि वर मला चिडवायला आलीस? बहरलेत म्हणे! डोळे फुटले का तुझे?"

 तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि तिचा हात कुंपणाच्या तारेवरून सरकत सरकत खांब शोधायला लागला. तेव्हा मला दिसलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्याच्या पलीकडे, कुठंतरी पाण्याच्या टाकीकडे तिची नजर होती.

"हो," ती म्हणाली. "फुटलेच म्हण."

मी कात्री तिथंच टाकली आणि फाटकानं न जाता कुंपणावरूनच पलीकडे गेले. झगा फाटला. तिच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही चहा प्यालो. तिनं कपाच्या आत बोटाचं टोक धरलं आणि चहा बोटाला लागला तसा ओतायचा थांबवला. इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पितेय मी, आणि हे बोट मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"कडेचं थोडं दिसतं," ती म्हणाली. "मधलं गेलं. मोठ्या डॉक्टरला दाखवून झालं. आता करण्यासारखं काही नाही, म्हणाला."

"केरिनला ठाऊक आहे?"

"तिला सांगितलंस, तर तुझं-माझं संपलं, नोला."

केरिन तिची एकुलती एक मुलगी, ॲडलेडला असते. वाईट नाही केरिन. वाईट असती तर सगळं सोपं होतं. आईसाठी तिनं घरामागे एक खोली बांधून ठेवलीय. न्हाणीघर खोलीतच, जमीन गुळगुळीत, कुठं पायरी नाही, बाहेर फरसबंद चौक. क्लॅरी गेल्यापासून ती मागे लागलेली, "आई, चल." आणि डल्सीचं आपलं एकच, "मला काय झालंय? धडधाकट तर आहे!"

"पण तू एकटी सांभाळतेस कशी?" मी विचारलं. "लोकांना कळत कसं नाही?"

डल्सीनं मान छपराकडे केली. वर बिशपच्या फेऱ्या चालू होत्या, खडंग खडंग.

"तो सांगतो," ती म्हणाली. "गाडी वळणावर आली की एक हाक, लांबलचक. फाटक वाजलं की दोन तुटक. मला उठून केस सारखे करून बसायला वेळ मिळतो. कुत्रा आला की भोंग्यासारखं एकदाच. साप असला की नुसता कॉक-कॉक-कॉक, थांबतच नाही. मागच्या उन्हाळ्यात तपकिरी साप टाकीखाली होता, मी बादली घेऊन तिकडेच निघाले होते. त्यानं मला पुढे जाऊ दिलं नाही. आणि काही नसलं तरी तो कुठं आहे ते मला कळतं, नोला. कुत्रं पायात येतं, मांजर तर दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. मोर कुठं आहे, हे आंधळ्यालाही कळतं."

"आख्ख्या गावाला कळतं!" मी म्हटलं.

तेव्हा ती हसली, आणि मग आम्ही दोघीही जरा रडलो.

मी बिशपला शिव्या देणं त्यानंतर सोडलं, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. गुलाब गेले ते गेलेच. पण आता पहाटे तो ओरडला की उशी कानावर दाबण्याआधी मी तेवढं ऐकून घ्यायचे, की हाक एक आहे की दोन.

नाताळात केरिन आली, तेव्हा मात्र घोटाळा झाला. जेवताना डल्सीनं रस्सा ताटाच्या बाजूला, टेबलावरच ओतला. आधी तिनं हसण्यावारी नेलं. मग दुपारी केरिननं शांतपणे, आवाजही न चढवता सांगितलं, "आई, यापुढे मी कळवून येणार नाही. कधीही येईन. आणि ज्या दिवशी तू मला चाचपडताना दिसलीस, त्या दिवशी सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," डल्सी म्हणाली. "ये की! घर तुझंच आहे."

मला हे तिनं दुसऱ्या दिवशी मोठ्या दिमाखात सांगितलं. "येऊ दे तिला कधीही. बिशप आहे ना!"

"आणि पिसं गळाल्यावर?" मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. तिला ठाऊक होतंच. जानेवारीत मोराची पिसं गळतात. एकेक करून सगळा झगा अंगणात पडतो आणि खाली उरतं ते एक बुटकं, खुरटं ढुंगण. त्याबरोबर आवाजही जातो. मग महिनोन्महिने तो टाकीखाली तोंड पाडून बसलेला असतो. गाडी येवो, फाटक वाजो, ढिम्म नाही. आमच्या गल्लीचा तोच खरा सुखाचा काळ. जन्मभर मी फेब्रुवारीची वाट बघत आले, आणि त्या वर्षी पहिल्यांदा तो नको वाटला.

पिसं गोळा करायला मीच मदत केली. डल्सी ती घरात घेत नाही, आमच्याकडे मोरपीस घरात म्हणजे अपशकुन मानतात. मागच्या शेडमध्ये जुड्या बांधून ठेवते.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "केरिननं मला समोरासमोर विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. तिच्या लहानपणी तिचे केस कापलेत मी."

"खोटं बोलू नकोस. गप्प बस. तेवढं तरी जमेल?"

"ते तर मला कधीच जमलं नाही."

एप्रिल आला. ईस्टरचा शनिवार. अर्धं गाव फुटबॉल बघायला गेलेलं, रेक्सही गेला होता. मी परसात दोरीवर चादरी घालत होते, तोंडात चिमटे. कुंपणापलीकडे डल्सी गुडघ्यांवर होती. कोंबड्यांच्या गव्हाचा डबा हातातून सुटला होता आणि ती दोन्ही तळवे जमिनीवर पसरून, रांगत रांगत, झाकण शोधत होती. झाकण तिच्या मागं होतं. हात पुढे टाकायची, माती चाचपायची, पुन्हा पुढे. मी हाक मारून सांगणारच होते.

तेवढ्यात धान्याच्या कोठारांजवळच्या वळणावर पांढरी गाडी दिसली. केरिनची गाडी. स्वच्छ, शहरातली, हळूहळू येत होती.

 गाडी फाटकाशी यायला कितीसा वेळ! मी बिशपकडे बघितलं. टाकीखाली, मान आत ओढून, डोळे मिटून बसलेला. "अरे ओरड ना मुडद्या!" मी म्हटलं. "आयुष्यभर नको तेव्हा ओरडलास, आता ओरड!" त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. मी डल्सीला नावानं हाक मारली असती, तर गाडीच्या उघड्या काचेतून केरिनलाही ऐकू गेली असती, आणि डल्सी तिथूनच बसल्या बसल्या "काय गं?" म्हणून ओरडली असती. फाटकापाशी गाडीचा वेग कमी झाला.

मग मी चिमटे थुंकले, छाती भरून श्वास घेतला, आणि ओरडले. मोरासारखी. एक लांबलचक हाक, पोटातून. "म्याऽऽआँऽव!" चादरीत तोंड खुपसून आणखी दोन तुटक. नातवंडं असलेली बाई मी. पण ऐकत आले होते ना इतकी वर्षं! सूर बरोबर लागला.

डल्सी जागच्या जागी थबकली. मग टुणकन उठली. गुडघे झटकले, हात पुसले, भिंत धरून ओसरी गाठली, केस सारखे केले आणि खुर्चीत बसली. केरिन कोपऱ्यावरून अंगणात आली, तेव्हा आई मांडीवर विणकाम घेऊन चेहऱ्यावर छान हसू लावून बसली होती.

"केरिन! अगं, किती छान झालं आलीस ते!"

मला घरात बसवेना. सकाळीच केलेल्या स्कोनची, म्हणजे छोट्या गोड पावांची, ताटली घेतली आणि गेले. केरिननं मला मिठी मारली. आम्ही तिघी ओसरीवर बसलो. डल्सीनं चहा ओतला, बोट कपात, मी मुद्दाम मोठमोठ्यानं हवापाण्याबद्दल बोलत. सगळं बेताबेतानं चाललं होतं. केरिनच्या खांद्यावरचा ताण जरा उतरल्यासारखा वाटला.

तेवढ्यात बिशप आला. टाकीखालून निघून तो तरातरा पायऱ्या चढला, डल्सीकडे नाही, केरिनकडे नाही, थेट माझ्याकडे. माझ्यासमोर उभा राहिला, मान ताणली, आणि जो काही बुटका शेपटा उरला होता तो फुलवून थरथरवायला लागला. आपल्या हद्दीत दुसरा मोर शिरलाय, अशी त्याची खात्री झाली होती.

केरिन त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"आँटी नोला," ती म्हणाली, "मी फाटकातून येत होते ना, तेव्हा मोर ओरडला."

"ओरडतो कधीकधी," मी म्हटलं.

"मला तो दिसत होता. टाकीखाली झोपला होता. चोच मिटलेली होती."

मी ताटलीकडे बघितलं. एक स्कोन उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

डल्सीनं विणकाम खाली ठेवलं. "नोला, तू होतीस?"

"मग कोण असणार?"

"मला वाटलंच. बिशप इतका घाणेरडा ओरडत नाही." मग ती मुलीकडे वळली. म्हणजे मुलीच्या जरा बाजूला. "केरिन, मला तुझा चेहरा दिसत नाही. तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस. तुझ्या कानाच्या बाजूला बघितलं की जराशी असतेस."

केरिननं तोंडावर हात घेतला. बराच वेळ ती नुसती रडत होती. मग रागावली. "मला का नाही सांगितलंस? मी कोण परकी आहे?"

"सांगितलं असतं तर तू मला नेलं असतंस."

"हो, नेलंच असतं! प्रेमानं नेलं असतं!"

"तेच तर. रागानं नेलं असतंस, तर भांडता तरी आलं असतं."

"आई, तू पडलीस तर? भाजलीस तर? साप निघाला तर?"

तिथं माझ्यानं राहवेना. "साप निघाला होता," मी म्हटलं. "त्या मोरानं तिला अडवलं. ते नाही विचारलंस! तो तिला सांगतो कोण आलं, कुठून आलं. ते पोस्टातलं पोर त्याला घाबरतं, म्हणून पुडकी ओसरीवर फेकत नाही, हातात देतं. तिनं पहाटे दार उघडलं नाही, तर तो दारावर चोच मारतो. माझं घर त्या आवाजानं उठतं, म्हणून मी रोज उठल्या उठल्या तिच्या खिडकीकडे बघते. असा राखणदार तुझ्या त्या गुळगुळीत जमिनीवर कुठून आणणार आहेस?"

केरिन डोळे पुसत माझ्याकडे बघायला लागली. "तू? तू तर त्याला रश्श्यात घालणार होतीस!"

"अजूनही घालीन! त्याचा माझा हिशोब वेगळा आहे."

डल्सी उठली. "ये," ती केरिनला म्हणाली. तिनं मुलीचा हात धरला नाही, पुढे चालत गेली. पायऱ्या उतरली, लिंबोणीपाशी वळली, कोंबड्यांच्या खुराड्याची कडी न चाचपता उघडली, चार अंडी काढली. सांडलेल्या गव्हावर पाय पडला तशी वाकली आणि झाकणही सापडलं. परत येऊन अंडी केरिनच्या ओंजळीत ठेवली.

"इथलं सगळं माझ्या पायांत आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे मी खुर्चीत बसेन आणि तू मला चहा आणून देशील. छान चहा देशील. पण मी पाहुणी होईन गं. मला पाहुणी होऊन मरायचं नाही."

 केरिन अंडी तशीच हातात धरून उभी राहिली. त्या रात्री ती तिथंच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना मला म्हणाली, "ऑगस्टपर्यंत मोर ओरडणार नाही, हो ना?"

"नाही."

"मी जूनमध्ये येईन. कधी ते सांगत नाही. आईचं सामान न्यायला ट्रेलर घेऊन यायचं की नाही, ते तोपर्यंत ठरवते. मला विचार करू दे, आँटी नोला."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचीही झोप उडालेली दिसत होती.

मे महिना डल्सीनं कसा काढला, ते मी बघितलंय. वरून हसायची, पण कपाटातल्या वस्तू हातात घेऊन घेऊन ठेवायची. क्लॅरीची टोपी, बसची किल्ली. एकदा म्हणाली, "बिशपला तू ठेवशील ना?" मी म्हटलं, "मी? त्याला? वेड लागलंय का तुला!" आणि घरी येऊन मी रेक्सला विचारलं, टाकीखाली थोडा आडोसा करता येईल का म्हणून.

जून लागला. थंडी कडक, सकाळी गवतावर दव गोठलेलं. मी दुपारी पेस्टीचं, म्हणजे खिम्याच्या करंज्यांचं, पीठ मळत होते, आणि आवाज आला.

"म्याऽऽआँऽव!"

मी हात तसेच ठेवून ऐकलं. हा बिशप नव्हे. आवाज मध्येच फाटला, आणि शेवटी खोकला आला. मी खिडकीत गेले. बिशप सरपणाच्या ढिगावर बसलेला, चोच मिटलेली, मान वाकडी करून तोही वळणाकडे बघत होता.

कोठारांजवळ पांढरी गाडी थांबली होती. मागे ट्रेलर नव्हता. काच खाली केलेली, आणि आत पन्नाशीची, कचेरीच्या कपड्यातली केरिन मान बाहेर काढून, डोळे गच्च मिटून, पुन्हा ओरडत होती. "म्याऽऽआँऽव!"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पिठाच्या हातांनी पुसलं, तर आणखी आलं.

पलीकडे डल्सी भाजीच्या वाफ्यात गुडघ्यांवर होती, दोन्ही हात मातीत. तिनं मान वर केली. ऐकलं. चेहरा आधी गोंधळला, मग ओळख पटल्यासारखा हळूहळू उजळत गेला. ती घाईघाईनं उठली नाही. सावकाश उठली. गुडघे झटकले, नळावर हात धुतले, पायऱ्या चढली, एप्रनला हात पुसले, केसांवरून हात फिरवला.

डल्सी खुर्चीत नीट बसेपर्यंत गाडी वळणावरून हलली नाही.